लखमाचा पितळी तारपा

तमाम वाचकांस कळविण्यात येते की, जव्हार संस्थानात एके काळी जॅझ होते. बाब गंभीर आहे, आणि आजवर ती इतिहासापासून लपून राहिली आहे. संस्थानाविषयी जे थोडेफार लिहिले गेले त्यात राजवाडा आहे, दरबार आहे, दसऱ्याची मिरवणूक आहे, कोणत्या साहेबाने कोणत्या झाडाखाली वाघ मारला तेही आहे. सॅक्सोफोन कुठेच नाही. तो होता. एकच होता. मी वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी उभा राहिलो आहे, आणि पुरावा म्हणून माझा उजवा कान आजही कमी ऐकतो.

तो वाजवणाऱ्या माणसाचे नाव लखमा. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचा. त्याला ओळखण्याची खूण अशी की, तो बोलताना दम घ्यायला थांबत नसे. तुम्ही-आम्ही वाक्य संपले की श्वास घेतो. लखमाचे वाक्य संपतच नसे, म्हणून श्वासाचे काम तो मधल्या मधे नाकाने उरकून घेई. आमच्या संस्थानच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला एकदा त्याला 'काय रे, बरा आहेस ना?' असे विचारून बसला. उत्तर सुरू झाल्यावर तो घरी गेला, जेवला, थोडा आडवा झाला आणि परत आला. उत्तर चालूच होते, फक्त ऐकणारा बदलला होता.

नमुन्यादाखल सांगतो. एकदा मी त्याच्याकडे माझी छत्री मागितली.

"छत्री आनली नाय भाऊ कारन का पाऊस थांबला आन पाऊस थांबला म्हनून मी तळ्यावरून गेलो तर तळ्यावर तुमचा मेहुणा भेटला त्याचा बैल लंगडतो मी म्हटलं बैलाला पाला बांध तर तो म्हनतो कोनता पाला आता मला सांगा भाऊ जव्हारात जन्मलेला मानूस आन त्याला पाला म्हाईत नाय पन त्याची आजी होती तिला सगळा पाला म्हाईत होता ती वारली तेव्हा मी साखरशेतला होतो…"

छत्री मला परत मिळाली नाही. ते वाक्य अजून चालू असावे.

ह्यात त्याचा दोष नव्हता. ती घरची विद्या होती. लखमाचा बाप देवजी हा पोशेऱ्याचा तारपावाला. ज्यांनी तारपा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लांब वाळलेला भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, नळ्यांत फुंकेने थरथरणारी बांबूची जीभ, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे सगळे रानातल्या मेणाने बुजवलेले. नवे भात घरात आले की तारपावाला अंगणात मधोमध उभा राहतो आणि बायापुरुष हातात हात गुंफून त्याच्याभोवती कडे धरतात. तो वळेल तसे कडे वळते. कायदे दोनच. तारपावाल्याने मधे थांबायचे नाही. गालात हवा साठवायची, नाकाने नवी ओढायची, सूर तुटू द्यायचा नाही. आणि नाचणाऱ्यांनी तारप्याला पाठ दाखवायची नाही.

एका दसऱ्याला आजूबाजूच्या पाड्यांवरचे तारपेवाले राजवाड्यापुढे वाजवायला आले होते. त्यांत देवजीचा हा विशीतला मुलगा होता. बाकीचे दमून बसले, हा चालूच. दरबारी मंडळी जांभया देऊ लागली, तरी चालू. महाराजांनी हात वर करून 'पुरे' म्हटले, तरीही चालू. कारण कडे अजून फिरत होते, आणि कडे फिरत असताना महाराजांचेसुद्धा ऐकायचे नसते. दुसऱ्या एखाद्या राजाने त्याला हाकलून दिले असते. आमच्या महाराजांनी त्याला बँडमध्ये नोकरी दिली.

बँडमध्ये येण्याचा माझा मार्ग वेगळा. माझी नेमणूक मुळात दप्तरात कारकून म्हणून झाली होती. पहिल्याच आठवड्यात दिवाणसाहेबांनी माझे अक्षर पाहिले. बराच वेळ पाहिले. कागद उलटा धरूनही पाहिले. मग त्यांनी मला झांजा वाजवायला पाठवले. झांजावाल्याचे काम म्हणजे बत्तीस मात्रा मोजत उभे राहायचे आणि तेहतिसाव्या मात्रेला सगळ्यांना दचकवायचे. मधल्या वेळात माणसाला इकडेतिकडे बघायला भरपूर सवड मिळते. लखमाचे चरित्र मी त्या सवडीत जमवले आहे.

आमचे बँडमास्तर मिंगेल मास्तर. गोव्याचे, अत्यंत सज्जन, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवून वर आलेले. त्या वर्षी विलायतेहून वाद्यांचा नवा पेटारा आला, त्यात कुणीच न मागवलेले एक वाद्य निघाले. सोनेरी, खाली वाकलेले, अंगभर बटणे. मास्तरांनी ते पाहिले आणि छातीवर क्रूस काढला.

"हे नाचघरातले आहे," ते म्हणाले. "राजाच्या घरात ह्याचे काम नाही, सायबा."

मग वर्षभर ते बँडघराच्या कोपऱ्यात उभे होते आणि शिपाई त्याच्या वर उघडलेल्या तोंडात ओल्या छत्र्या ठेवीत. एक दिवस लखमाने छत्र्या काढून बाजूला ठेवल्या, पाणी ओतून टाकले आणि तोंड लावले. जो आवाज निघाला त्याने तबेल्यातली दोन घोडी सुटली. लखमाने मात्र ते वाद्य डोळ्यांसमोर धरून नीट न्याहाळले.

"हा तारपाच हाय," तो म्हणाला. "पितळी हाय. वाकडा हाय. पन जीभ तीच हाय."

महिन्याभरात त्याने त्यातून मोर काढला, रेडा काढला, आणि दिवाणसाहेबांचे खोकणे इतके हुबेहूब काढले की दप्तरातले लोक उभे राहू लागले. कागदावरचे सूर मात्र त्याला कधी वाचता आले नाहीत. कान एवढा तिखट की एकदा ऐकले की झाले. पण मास्तरांचा हट्ट, समोर कागद हवा. म्हणून लखमाच्या समोर संस्थानचा गवतकापणीचा एक जुना परवाना उभा केलेला असे. सगळ्यांनी पान उलटले की तोही परवाना उलटी आणि मागच्या बाजूचे शिक्के बघत वाजवी.

महाराज थंडीत मुंबईला एका बड्या हॉटेलात उतरत. सोबत पाच-सात माणसे असत, एकदा त्यांत लखमा होता. हॉटेलात साहेबलोकांच्या नाचासाठी चौदा जणांचा बँड. पांढरे कोट, गळ्याला काळे बो. पुढच्या रांगेत चार सॅक्सोफोन. चौघांनी एकदम उठायचे, वाजवायचे आणि एकदम बसायचे. त्या चौघांतला एक जण बोटीवर नोकरी धरून पळाला होता आणि हॉटेलचा मॅनेजर डोके धरून बसला होता.

"आमचा घ्या," महाराज म्हणाले, जसे शेजाऱ्याला विरजण द्यावे.

हे विरजण चार वर्षे परत आले नाही. पळालेल्या माणसाचा कोट लखमाला बरोबर बसला. कोटाच्या आत 'लोबो' असे शिवलेले होते, ते मॅनेजरने त्याचेच आडनाव समजले, आणि हॉटेलच्या पाटीवर झळकले 'लकी लोबो'. म्हणजे पोशेऱ्याचा लखमा चार वर्षे मुंबईत कोटाच्या नावाने प्रसिद्ध होता. खरा लोबो बोटीवर कुणाच्या नावाने वाजवीत होता, ते समुद्राला ठाऊक.

आता ती प्रसिद्ध दुपार. मी तिथे नव्हतो, पण ही हकीकत मी तीन निरनिराळ्या माणसांकडून ऐकली आहे आणि तिघांनी ती सारखीच सांगितली. चौथा लखमा, त्याची अजून संपायची आहे. हॉटेलात दुपारी चहाबरोबर नाच असे. त्या दिवशी लखमाला पहिल्यांदाच एकट्याने उठून वाजवायचे होते. आठ ओळी, मग खाली बसायचे. लखमा उठला. आठ ओळी झाल्या. समोर तीसेक जोडपी फिरत होती. आता तुम्हीच सांगा, माणसे फिरत असताना वाजवणाऱ्याने खाली कसे बसायचे?

तो बसला नाही. सोळा झाल्या, बत्तीस झाल्या. बँडचा म्होरक्या काठी हलवून त्याला खुणावत होता, ती काठी लखमाला तारप्याच्या नाचात ताल द्यायला आपटतात त्या घुंगरकाठीसारखी वाटली आणि त्याला आणखी जोर चढला. चौसष्ट झाल्यावर तो पायऱ्या उतरून खाली आला आणि नाचाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, कारण तारपावाल्याची जागा तीच. मग तो चालू लागला. आणि साहेब आणि मडमा, ज्यांना कुणी काही सांगितले नव्हते, ते एकामागून एक त्याच्याभोवती फिरू लागले. जोड्या सुटल्या, हात हातात गुंफले गेले. एक निवृत्त कर्नल शेवटाला होता, तो गुडघ्याने अधू, तो काठी आपटीत चालला होता आणि काठी नेमकी तालावर पडत होती. सगळ्यांचे चहा गार झाले. सव्वा तासाने कर्नल खाली बसला तेव्हा कडे थांबले आणि कडे थांबले तेव्हा लखमा थांबला.

मॅनेजरने त्याला संध्याकाळी नोकरीवरून काढले आणि सकाळी परत घेतले. कर्नलच्या मडमेने पुढच्या शनिवारचे टेबल राखताना विचारले होते, तो मधे चालणारा मनुष्य असेल ना?

अशी चार वर्षे गेली. नाव झाले. परदेशी बँड मुंबईत आले तर त्यांतले लोक लखमाला ऐकायला येत आणि तो श्वास कुठून घेतो हे बघायला खाली वाकून पाहत. आणि मग एका आश्विनात हा गृहस्थ सगळे सोडून जव्हारला परत आला. मिंगेल मास्तरांच्या बँडमध्ये, माझ्या उजव्या कानाशी, गवतकापणीच्या परवान्यासमोर.

का, म्हणून विचारले की कारणे तयार असत. मला सांगितले, मुंबईत ढेकूण फार. मास्तरांना सांगितले, बूट चावतात. महाराजांना सांगितले की मुंबईचे पाणी सॅक्सोफोनला बाधते. महाराजांनी ते गंभीरपणे ऐकून घेतले आणि त्याच्यासाठी राजवाड्याच्या विहिरीचे पाणी मंजूर केले.

खरे कारण मला पत्रांवरून कळले. मुंबईचे हॉटेल त्याला वर्षातून दोनदा पत्र पाठवी आणि उत्तर लिहायला लखमा माझ्याकडे येई, कारण संस्थानात इंग्रजी येणारे आणि रिकामे असे आम्ही दोघेच होतो, मी आणि दिवाणसाहेब. उत्तर दर वेळी एकच: सध्या येणे जमत नाही, भातकापणी आहे. मी म्हणालो, "लखमा, तुला शेत नाही. भात तुझ्या बापाचे. आणि हे पत्र उन्हाळ्यातले आहे."

तो त्या दिवशी जे बोलला ते त्याच्या तोंडून मी तोवर ऐकलेले सर्वांत लहान उत्तर.

"डोसा ते घरात घेत नाय," तो म्हणाला.

डोसा म्हणजे म्हातारा. म्हणजे त्याचा बाप. 'ते' म्हणजे सॅक्सोफोन. देवजीचे म्हणणे सरळ होते. तारपा घरी होतो. भोपळा आपल्या कुंपणावर वाढतो, बांबू आपल्या रानातला, मेण आपल्या झाडावरचे. नवे भात आले की आधी तारप्यापुढे ठेवायचे, मग माणसांनी खायचे. हे पितळेचे भांडे पेटाऱ्यातून आले, त्याला शेत नाही, पाऊस नाही. ते आपल्या उंबऱ्याच्या आत यायचे नाही. पोऱ्याने खुशाल यावे.

"मग मी पन भाईर," लखमाने सांगून टाकले होते.

बाप हट्टी, मुलगा त्याहून हट्टी. दर वर्षी कापणीनंतर लखमा रजा काढून पोशेऱ्याला जाई आणि कुंपणाबाहेर आंब्याखाली सॅक्सोफोनची पेटी मांडीवर घेऊन बसे. आत अंगणात बाप तारपा वाजवी, गाव नाचे. जेवण कुंपणावरून बाहेर येई. दोघांचे बोलणे होत नव्हते असे नाही. देवजी म्हशीशी बोले आणि लखमाने ते ऐकायचे अशी व्यवस्था होती.

"म्हशे, मुंबईत लोक वाळले का गं?" देवजी म्हशीला विचारी. "हाडं दिसतात."

"म्हशीला सांगा का हाडं पयल्यापासून हायेत," लखमा आंब्याखालून सांगे, आणि मग ते वाक्य पुढे तासभर चाले. म्हैस रवंथ करी.

एवढे कळल्यावर लखमाचे बाकीचे चाळेही मला उलगडले. तो त्या सॅक्सोफोनला हळूहळू तारपा बनवीत होता. एक बटण गळू लागले तर त्याने मुंबईहून सुटा भाग न मागवता रानातले मेण लावले. वाजवायची जीभ तुटली तेव्हा साखरशेतच्या बांबूची नवी तासली. आणि रोज रात्री तो सॅक्सोफोन चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवी, कारण घरी तारपा तसाच टांगतात, धुराने त्याला कीड लागत नाही. पितळेला कीड कुठून लागणार, हे त्याला कुणी विचारले नाही. परिणाम असा की, पाहुण्यांसमोर विलायती चाल वाजू लागली की सगळ्या बँडला नागलीच्या भाकरीचा वास येई.

"हे वाद्य आहे की सुके बोंबील?" मिंगेल मास्तर नाकाला रुमाल लावून विचारीत.

"वाद्यच हाय मास्तर पन त्याला घरचा वास लागायला पायजे कारन का म्हातारा नाकानं वळखतो डोळ्यानं नीट दिसत नाय आता त्याला आन गेल्या साली…"

मास्तर काठी उचलून पुढची चाल सुरू करीत. तेवढाच एक उपाय होता.

लढाईच्या दिवसांत कलकत्त्याहून पत्र आले. तिथली हॉटेले गोऱ्या सोल्जरांनी भरून वाहत होती. अठरा जणांचा बँड उभा राहत होता आणि त्याचा म्होरक्या म्हणून त्यांना लकी लोबो हवा होता. पुढे उभे राहायचे, पांढऱ्या कोटात, अठरा जण मागे. दिवाळीच्या आत हो की नाही ते कळवा.

मी ते वाचून दाखवले. लखमाने पत्र माझ्या हातून घेतले, गवतकापणीच्या परवान्यासारखे उलटून मागचे शिक्के पाहिले आणि परत दिले.

"डोशाचा दम गेलाय," तो म्हणाला. "गेल्या साली दोन चाली वाजवल्या आन बसला. औंदा ते घरात नाय घेतलं तर पुढल्या साली विचारायला कोन ऱ्हातो. औंदा नाय घेतलं तर मी जातो कलकत्त्याला. तुम्ही चला भाऊ. कागद आन दौत घ्या. काय लिवायचं ते तिथंच सांगतो."

मी कागद घेतला, दौत घेतली. झांजाही घेतल्या. त्या का घेतल्या ते मला सांगता येणार नाही. रिकाम्या हातांनी परक्या गावी जायला बरे वाटेना.

पोशेऱ्याला पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. देवजीचे घर उताराच्या कडेला, कारवीच्या कुडाचे, सारवलेले. अंगणाभोवती काटेरी कुंपण, येण्याजाण्यापुरती एक फट, आणि कुंपणावर भोपळ्याचे वेल. लखमा थेट आंब्याखाली जाऊन बसला, पेटी मांडीवर. मला मात्र मान मिळाला. मला अंगणात खाटेवर बसवले, पाणी दिले, नागलीची भाकरी हातात दिली.

देवजी बाहेर आला. काटक, वाकलेला, डोळे निळसर झालेले. त्याने वाऱ्यावर नाक धरले.

"म्हशे," तो म्हणाला, "पेटी आली वाटतं."

"आली म्हनावं," आंब्याखालून आवाज आला. नंतर काही नाही. लखमाचे वाक्य दोन शब्दांत संपलेले ऐकून मी भाकरी खाली ठेवली.

ऊन कलले तशी माणसे जमली. तारप्यापुढे नवे भात ठेवले, दिवा दाखवला, आणि देवजी मधे उभा राहिला. तीसेक जणांचे कडे धरले गेले. शेवटाला जनी म्हणून एक सत्तरीची म्हातारी होती, ती कमरेत वाकलेली, पण ताल असा की जमीन ऐकत असावी. तारपा सुरू झाला. मी बँडमधला मनुष्य. खोटे बोलणार नाही. त्या वाकलेल्या म्हाताऱ्याने पहिला सूर धरला आणि मला कळले की लखमा मुंबईत जे वाजवायचा ते सगळे इथून उचललेले होते, फक्त त्याला कोट घातलेला होता.

एक चाल झाली. दुसरी झाली. तिसऱ्या चालीत देवजीच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या. गाल फुगत होते, पण नाकाची हवा पुरत नव्हती. सूर थरथरला, बारीक झाला, आणि तुटला.

कडे जागच्या जागी थांबले. तीस माणसे एक पाय पुढे टाकून उभी. देवजीने पुन्हा तोंड लावले. भोपळ्यातून नुसता वारा आला. जनी म्हातारी हळूच म्हणाली, "बसा जरा, देवजी," पण देवजी बसेना.

आणि कुंपणाबाहेरून तोच सूर आला. जिथे तुटला होता तिथूनच, मधला धागासुद्धा न वगळता. लखमा आंब्याखाली उभा होता, डोळे मिटलेले. पितळेला मेण होते, बांबूची जीभ होती, मुंबई सोडल्यापासूनचा सहा वर्षांचा धूर होता. सूर जरा जाड होता, पण चाल देवजीची होती.

कडे हलले. आणि मग तिथे असा पेच पडला की दिवाणसाहेब असते तर त्यांनी समिती नेमली असती. वाजतो आहे तो कुंपणाबाहेर. त्याला आत यायची परवानगी नाही. म्हणजे कड्याने बाहेर जायला हवे. बाहेर जायचे तर आत उभ्या देवजीला, त्याच्या हातातल्या तारप्याला पाठ होणार. ते चालायचे नाही. बरे, देवजीकडे तोंड करून मागे मागे जावे, तर बाहेरच्याला पाठ होणार.

"आता कसं गं डोशे?" पुढचा माणूस चालता चालता विचारता झाला.

"आडवं चला," जनी म्हणाली. "खेकड्यागत."

आणि सगळे पोशेरे खेकड्यासारखे आडवे चालत त्या फटीतून बाहेर पडले. एक खांदा देवजीकडे, एक खांदा लखमाकडे, पाठ कुणालाच नाही. पाय तालावर, हात गुंफलेले.

"माझं पातळ अडकलं काट्याला."

"अडकू दे. हात सोडू नको."

"वेलावर पाय देऊ नका रे, म्हातारा मारील."

मी झांजा घेऊन खाटेवरून उठलो आणि त्यांच्यामागे गेलो, मीसुद्धा आडवाच. पितळेला पाठ दाखवायची नाही हे तीस जणांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकले होते. लखमा ज्याची सहा वर्षे वाट पाहत होता ते झाले होते. त्याच्याभोवती कडे बंद झाले. तो मधे चालू लागला, डोळे मिटलेलेच, गाल भरलेले. कलकत्त्याचे अठरा जण मागे उभे राहिले असते तरी असा दिसला नसता.

मग त्याने डोळे उघडले.

आपल्याभोवती सगळे गाव बघून तो क्षणभर खुलला. नंतर त्याची नजर माणसांच्या डोक्यांवरून कुंपणापलीकडे गेली. अंगण रिकामे होते. तिथे एक दिवा, एक खाट आणि मधोमध देवजी, तारपा दोन्ही हातांत पोराला धरावे तसा धरून. म्हातारा आपल्या मागे राहिलेल्या मोकळ्या जमिनीकडे बघत होता.

लखमा थांबला.

चाल पुरी झाली नव्हती. कडे फिरत होते. ज्याने महाराजांसाठी वाजवणे थांबवले नाही, साहेबाच्या चहासाठी थांबवले नाही, त्याने अर्ध्या सुरावर तोंड बाजूला घेतले आणि वाद्य खाली केले. कडे दोन पावले तसेच गेले आणि अडखळून उभे राहिले. जनी म्हातारीने काय झाले म्हणून मान वर केली. माझ्या हातांत झांजा होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या शेजाऱ्याच्या विहिरीत टाकाव्याशा वाटल्या.

लखमा बोलेना. हे मी शपथेवर सांगतो. इतक्या लोकांसमोर, इतकी कारणे देता येत असताना, तो नुसता उभा राहिला.

सूर्य गेला होता. त्या डोंगरात त्या दिवसांत गारवा झपाट्याने उतरतो. देवजीने तारपा खाटेवर ठेवला आणि चाचपडत कुंपणाच्या फटीपाशी आला. कडे दुभंगून त्याला वाट मिळाली. तो लखमासमोर येऊन उभा राहिला, त्याच्या तोंडाकडे बघितले नाही. हात पुढे करून त्याने सॅक्सोफोनवरून बोट फिरवले. मेण लागले तिथे थांबला. बोट नाकाशी नेऊन हुंगले. मग खाली वाकलेल्या पितळेवर हात ठेवला, तो ओला झाला, आणि तो हात धोतराला पुसत म्हातारा एकदम सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला:

"दव पडाया लागलं, लखमा. ते भांडं आत घे."